पाणबाईचा शेंदूर

बोरखडीच्या तलावावर आलेल्या माणसाला गोजरबाईचा चहा घेतल्याशिवाय जाता येत नसे, आणि चहा घेतला की इतिहास ऐकल्याशिवाय सुटका नसे. चहाचे आणि मिरचीच्या भज्यांचे पैसे पडत, इतिहास फुकट. पण फुकट आहे म्हणून कोणी मधेच मोबाइल काढला, तर बाई कडाडलीच म्हणून समजा. "अगोदर ऐकून घ्या, मंग फोटू काढा! काय बघून राह्यले तेच ठावं न्हाई, तर फोटू कशाचा काढता?"

पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला आलेली माणसं परतताना वाट वाकडी करून इकडे यायची. बघण्यासारखं होतंच तसं. निजामाच्या काळातली मातीची लांबलचक पाळ, तिच्यावर करंजाच्या झाडांची रांग, पाणी सोडायची दगडी मोरी, पलीकडे सांडवा. थंडीत कुठकुठली बदकं उतरायची. पण या सगळ्यांच्या वर पाणबाई. मोरीशेजारच्या पायऱ्यांच्या तळाशी दीड पुरुष उंचीचा उभा दगड, वरपासून खालपर्यंत शेंदरानं माखलेला, त्यावर चांदीचे दोन डोळे. पावसाळ्यात पाणी चढत जायचं. आधी पाणबाईच्या गुडघ्याला, मग कमरेला, मग गळ्याला. गळ्याला पाणी लागलं की तलाव भरला. मग गावातल्या बाया खण, नारळ, हिरव्या बांगड्या घेऊन यायच्या आणि वरच्या पायरीवरून ओटी पाण्यात सोडायच्या.

"एका साली लई पाऊस झाला," गोजरबाई झारा हातात धरूनच सांगायची. "पाळीला भगदाड पडलं. खाली सात गावं, लेकराबाळांची. गडीमाणसं नुसती पळून राह्यली. मंग एक बाई उठली. पदर खोचला आन् गेली, त्या भगदाडात पाठ लावून बसली. म्हणली, पाणी जायचं तर माझ्या अंगावरून जाईल. दोन दिवस बसली. पाणी हटलं, पाळ वाचली, पण बाई काही उठली न्हाई. तीच ही पाणबाई."

इथे येईपर्यंत ऐकणाऱ्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. गोजरबाईचेही डोळे भरायचे. तीस वर्षं झाली सांगून, तरी भरायचे.

एक माणूस मात्र रडत नसे. करंजाच्या पहिल्या झाडाखाली रोज येऊन बसणारा कमरोद्दीन. वय ऐंशी. आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या, आता बिनसाखरेचा चहा आणि तलावाचा वारा एवढंच काम. गोष्ट 'एक बाई उठली' इथे आली की तो तोंड फिरवून पाण्याकडे बघायचा. गोजरबाईला त्याचा राग यायचा.

"तुम्हाला काय, पाठ झालं असंल सगळं," ती टोमणा मारायची.

"हाव वैनी, पाठ हाय," तो म्हणायचा. तेवढंच.

अशात एका सोमवारी जालन्याच्या सरकारी कचेरीतून अर्पिता नावाची मुलगी आली. तलावाकाठी पाटी लावायची होती, 'इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे' म्हणून, आणि तिचा मजकूर लिहायचं काम हिच्याकडे आलं होतं. गावचा तरुण सरपंच कल्याण तिला थेट टपरीवर घेऊन आला. "काकू, तुमच्याशिवाय कोण सांगणार?" मुलीनं मोबाइल पुढे ठेवला, मोबाइलकडे न बघता बोला म्हणाली, आणि बाईनं अख्खी गोष्ट सांगितली, पदर खोचण्यापासून ते दगड होण्यापर्यंत. मुलगी गहिवरली. जाताना म्हणाली, "आजी, पाटीच्या खाली तुमचं नाव टाकणार बरं का. माहिती, गोजरबाई."

आता हे वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल. पण गोजरबाई शाळेची पायरी चढली नव्हती. तिचा नवरा, आता नाही बिचारा, पण होता तोवर सारखा म्हणायचा, "तुझं बोलणं म्हणजे तोंडाची वाफ." तीच वाफ आता लोखंडी पत्र्यावर रंगानं लिहिली जाणार होती, खाली तिच्या नावासकट! त्या दिवशी तिनं कमरोद्दीनकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. मंगळवारी आणि बुधवारी ती गावात घरोघर सांगत फिरली. शुक्रवारी पाटीचं उद्घाटन, जालन्याचे साहेब येणार, सगळ्यांनी या. बेबीनंदा शेजारीण म्हणाली, "गोजराक्का, नवं लुगडं काढ आता ट्रंकेतून." आणि बाईनं खरंच काढून ठेवलं.

गुरुवारी दुपारी ऊन असं होतं की पाळीवर चिटपाखरू नव्हतं. टपरीत गोजरबाई आणि झाडाखाली कमरोद्दीन, दोघंच. एकाएकी खालून काहीतरी ढासळल्याचा आवाज आला. बाई पळत पायऱ्या उतरली आणि कपाळाला हात लावून खाली बसली. पाणबाईचं कवच गळून पडलं होतं. साठ वर्षांचे शेंदराचे थर उन्हानं तडकून, डोळ्यांसकट, पायाशी ढीग होऊन पडले होते.

देवाचं कवच गळणं काही नवलाचं नाही. थर जड झाले की गळतात, मग त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत नवा शेंदूर चढवायचा, अशी रीत आहे. पण कवचाखालून बाई निघायला हवी होती, नाक-डोळे नसले तरी बाईचा आकार तरी. निघाला तो चौकोनी, सरळसोट, घडवलेला खांब. त्याच्यावर सारख्या अंतरानं आडव्या रेघा, प्रत्येक रेघेशेजारी काहीतरी कोरलेलं. वरच्या एका रेघेवर मुरलेला लाल पट्टा. आणि अगदी तळाशी उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं.

कमरोद्दीन काठी टेकत कधी खाली आला ते तिला कळलंच नाही. तो दगडासमोर उकिडवा बसला.

"वैनी, हात लावू का?"

"लावा की. काय हाय ते सांगा तरी! उर्दू हाय ना हे?"

त्यानं शर्टाच्या टोकानं तळाची अक्षरं पुसली. "हे आकडे हायेत. फुटाचे. पाणी किती चढलं ते मोजायचा दगड हाय हा. ही सातवी रेघ, लाल. हितं पाणी लागलं की खालच्या गावाला आवाज द्यायचा. आन् हे खाली नाव हाय. शेख मदार, दारोगा तलाव. म्हंजे तलावाचा राखणदार."

"कोण शेख मदार?"

"माझे आब्बा."

कमरोद्दीन बोलायला लागला. इतकं सलग बोलताना त्याला तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"रंगाचा खर्चा सरकार देत न्हवतं. मंग आब्बा वाण्याकडून शेंदूर आणायचे. तेलात कालवला की पाण्यात जात न्हाई तो. दर साली मिरगाच्या आधी सातव्या रेघेवर बोटानं पट्टा ओढायचे. ते गेले तवा मी जालन्याला कामाला होतो. मिरिग आला आन् रेघ कोरडी राह्यली. तर तुमच्या सासूबाईनं पट्टा ओढला. म्हणल्या, मदार दारोगा करत व्हता, खंड नगं पडायला. पुढच्या साली कुणी कुंकू लावलं. मंग कुणी अख्ख्या दगडाला शेंदूर दिला, कुणी डोळे बसवले. बायाबापड्यांचा काय दोष हाय त्याच्यात?"

"आन् ते भगदाड?" बाईनं विचारलं, पण तिला आतून उत्तर कळलं होतं.

"आब्बाच बसल्ते त्यात. अम्मी पोत्यात माती भरून द्यायची, आब्बा पाठीनं पोती दाबून धरायचे. दीड दिवस. गाव जमा होईस्तोवर दोघंच. मी सात वर्षाचा होतो. भाकर घेऊन गेल्तो. त्यांचे हात मोकळे न्हवते, तर मी घास भरवला. चिखलाचे हात होते माझे, घासाला माती लागली. आब्बा म्हणले, मिठाची गरज न्हाई पडली बेटा."

गोजरबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूनं तिला दोनच वाक्यं सांगितली होती. पाळ फुटत होती म्हणे, आणि एक माणूस भगदाडात बसला होता म्हणे. माणूस. कोण, ते तिनं विचारलं नाही आणि सासूनं सांगितलं नाही. टपरी टाकल्यावर एकदा शाळेच्या पोरी सहलीला आल्या, गोष्ट सांगा म्हणाल्या, आणि त्या पोरींकडे बघता बघता तिनंच त्या माणसाला लुगडं नेसवलं. बाईमाणसानं सात गावं वाचवली, असं सांगताना छाती भरून आली तिची. मग दरवर्षी गोष्ट वाढत गेली. आणि ज्याला खरं माहीत होतं तो तीस वर्षं दहा पावलांवर बसून चहा पीत होता. त्याला तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

लाज वाटली की गोजरबाईला राग यायचा. तो आलाच. "मंग तीस साल तोंडात गुळणी धरून का बसले? सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू वैनी? तुमची देवी म्हंजे माझ्या बापाचा मोजायचा दगड हाय, असं? माझ्या तोंडून? गावात ऱ्हायाचंय मला. आन् बाया रडत्यात ते काय खोटं रडत्यात का?" तो काठीवर जोर देऊन उठला. "वाटायचं, एकदा तरी कुणी ते नाव वाचावं. आज मीच वाचलं. झालं. लावा आता शेंदूर, जल्दी. कुणी बघितलं तर उगी बोभाटा."

तिनं नको म्हणायला हवं होतं. तिला ते कळतही होतं. पण डोळ्यांपुढे उद्याची पाटी आली, खाली तिचं नाव, ट्रंकेतून काढलेलं लुगडं, आणि नवऱ्याची ती वाफ. ती वर जाऊन शेंदूर घेऊन आली. टपरीतल्याच तेलात कालवला आणि सगळ्यात आधी तळाच्या अक्षरांवर फासला. अक्षरांचे खळगे बोटांना लागत होते. चांगले तीन हात दिले तेव्हा ते बुजले. मग वरपर्यंत सगळा दगड माखला आणि ढिगातले चांदीचे डोळे काढून बसवले. कमरोद्दीन वर उभा राहून बघत होता. मग तो गेला. झाडाखाली त्याचा चहा अर्धा तसाच राहिला होता.

शुक्रवारी पाळीवर मांडव पडला. खुर्च्या, माइक, पाटीवर पांढरी चादर. गोजरबाई नव्या लुगड्यात पहिल्या रांगेत, पण तिच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं. जालन्याच्या साहेबांनी चादर ओढली, टाळ्या झाल्या, आणि अर्पितानं माइकवर मजकूर वाचला. पदर खोचला, भगदाडात बसली, पाणबाई झाली. सगळं जसंच्या तसं. शेवटी "माहिती, श्रीमती गोजरबाई." पुन्हा टाळ्या. बेबीनंदानं मागून तिची पाठ थोपटली. गोजरबाईनं वळून बघितलं. सगळ्यात मागे करंजाच्या बुंध्याला टेकून कमरोद्दीनही टाळ्या वाजवत होता. मनापासून वाजवत होता. अरे देवा, त्या माणसानं रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं!

"काकू, शाल-नारळ घ्यायला या," कल्याणनं बोलावलं. "आन् दोन शब्द बोला."

बाई गेली. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला. तिनं माइक धरला.

"पाटीवर लिहिलंय ते खोटं हाय," ती म्हणाली.

मांडवात कोणीतरी हसलं, बाई मस्करी करतेय असं वाटून. कल्याण हसला नाही. अर्पिताचा चेहरा उतरला.

"या पोरीची काही चूक न्हाई. मी सांगितलं ते तिनं लिहिलं. पण ते मी रचलेलं हाय. भगदाडात बसला तो माणूस होता. तलावाचा दारोगा होता, शेख मदार. पाठीनं पोती धरली दीड दिवस, आन् त्याची बायको माती भरून देत होती. म्हंजे बाई होती, न्हाई असं न्हाई, पण मी तिच्या नवऱ्याला गोष्टीतून काढून टाकलं आन् तिलाबी नाव दिलं न्हाई. आपण ज्याला पाणबाई म्हणतो तो त्याचा पाणी मोजायचा दगड. शेंदूर पहिल्यांदा त्यानं लावला, सातव्या रेघेवर, आपण बुडू नये म्हणून. काल कवच गळलं तवा त्याचं नाव निघालं खाली. आन् मी माझ्या हातानं त्याच्यावर शेंदूर फासला. पाटीवर माझं नाव पाहिजे होतं म्हणून. त्याचा लेक उभा हाय मागं. त्याच्या डोळ्यांदेखत फासला."

मधल्या रांगेतून धर्मराज उठला, देवळाच्या कमिटीतला, आवाज चढवून म्हणाला, "म्हंजे देवीला दगड म्हणती का तू, गोजरे?"

"बस खाली!" बाई कडाडली. "दगड न्हाई म्हणत. सात गावं ज्यानं राखली त्याला देव म्हणायला काय झालं? माझ्या सासूनं हात जोडले ते त्याच्या कामाला जोडले. मी जोडते, तू जोडतो. फकस्त कुणाला जोडून राह्यलो ते ठावं असू दे."

धर्मराज उभाच राहिला. हवा तापली होती. कल्याण माइक घ्यायला पुढे सरकला, तेवढ्यात बायांच्या बाजूनं बेबीनंदा उठली. तिला वादाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला खरोखरच अडचण पडली होती. "कमरूभाई, मंग आता शेंदूर लावायचा का न्हाई?"

सगळी डोकी मागे वळली. कमरोद्दीन गांगरला. "लावा ना बाई," तो म्हणाला. "पाण्यात तेच टिकतंय."

आधी बाया हसल्या. मग गडी हसले. धर्मराज हसला नाही, पण खाली बसला.

"नाव घ्या त्यांचं," गोजरबाई माइकवरून म्हणाली. "मी घेऊन काय उपेग. तुम्ही घ्या. मोठ्यानं."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी नीट केली आणि शाळेत हजेरी द्यावी तसं ताठ उभं राहून म्हणाला, "शेख मदार. आन् अम्मी, हाजराबी." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथेच रडायला लागला.

त्या दुपारी गोजरबाईनं नवं लुगडं खोचून, रॉकेल आणि चिंध्या घेऊन ओला शेंदूर खरवडून काढला. सातव्या रेघेच्या वर राहू दिला, चांदीचे डोळेही तिथेच ठेवले. खाली सगळा दगड मोकळा केला. आता वर पाणबाई आणि तळाशी शेख मदार, असे दोघं एकाच दगडात राहतात. मिरगाच्या आदल्या दिवशी कमरोद्दीन खाली उतरतो, गोजरबाई शेंदराची वाटी धरते, आणि तो बोटानं सातव्या रेघेवर पट्टा ओढतो. ओट्याही येतात, पहिल्यासारख्याच. बेबीनंदा तर दोन आणते, दुसरी हाजराबीच्या नावाची.

पाटी मात्र तशीच आहे. अर्पितानं दोन अर्ज केले, कल्याणही जाऊन आला. नवीन मजकुराला नवीन मंजुरी लागते म्हणे, आणि मंजुरी कधी यायची ती येवो. त्यामुळे ज्या पाटीसाठी बाईनं जीव टाकला, तिच्याशीच आता तिचं रोजचं भांडण असतं. गाडी थांबली, माणसं उतरून वाचायला लागली, की ती झारा घेऊन धावत जाते.

"ते वाचू नका! खोटं हाय ते."

परवा संभाजीनगरहून आलेला एक चष्मेवाला तिच्याशी वाद घालायला लागला. "अहो आजी, सरकारी पाटी आहे. खोटी कशी असेल? आणि खाली तर बघा, माहिती, गोजरबाई."

"मीच गोजरबाई!" ती म्हणाली. "म्हणून तर सांगून राह्यले. खोटं कुणी सांगितलं त्याचं नाव हाय पाटीवर. खरं कुणी केलं ते तिकडं विचारा." आणि तिनं झारा करंजाच्या झाडाकडे केला.

कमरोद्दीननं कप खाली ठेवला, घसा साफ केला. "मी सात वर्षाचा होतो," तो सांगायला लागला. "भाकर घेऊन गेल्तो..."

कढईत भजी करपत होती. गोजरबाई जागची हलली नाही, आणि गोष्ट संपेपर्यंत मधे एक अक्षर बोलली नाही.